व्हल्गेट

व्हल्गेट म्हणजे चौथ्या शतकाच्या अखेरीस मुख्यतः जेरोम या विद्वान संन्याशाने सिद्ध केलेले आणि पुढे रोमन कॅथलिक चर्चने प्रमाण मानलेले लॅटिन बायबल. पश्चिम युरोपात हजार वर्षांहून अधिक काळ बायबल म्हटले की हाच ग्रंथ डोळ्यांसमोर येत असे. त्याच्या पाठावर चर्चचा प्रभाव पडला तो बव्हंशी उपासनेतील वहिवाटीमुळे. अधिकृत फर्माने बरीच उशिरा निघाली आणि त्यांनी सहसा रुळलेल्या पाठावरच शिक्कामोर्तब केले.

जेरोमच्या आधी बायबलचे अनेक लॅटिन अनुवाद प्रचारात होते आणि त्यांच्या प्रतींमध्ये एकवाक्यता नव्हती. म्हणून पोप दमासस पहिला याने इ. स. ३८२ च्या सुमारास शुभवर्तमानांचा (येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार ग्रंथांचा) लॅटिन पाठ ग्रीक प्रतींशी ताडून सुधारण्याचे काम जेरोमवर सोपविले. दमाससच्या मृत्यूनंतर जेरोम बेथलेहेमला स्थायिक झाला. तेथे सुमारे ३९० ते ४०५ या काळात त्याने जुन्या कराराचा (बायबलमधील यहुदी धर्मग्रंथांच्या भागाचा) बहुतेक भाग थेट हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणला. हे पाऊल धाडसाचे होते, कारण तोवर चर्च जुना करार वाचत असे तो सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतरावरून किंवा त्याच्या लॅटिन रूपांतरावरून.

नव्या पाठाला विरोध झाला आणि तो वरिष्ठांपेक्षा भाविकांकडून अधिक तीव्रतेने झाला. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने जेरोमला लिहिलेल्या एका पत्रात याचे बोलके उदाहरण आहे. उत्तर आफ्रिकेतील ओइया (आजचे त्रिपोली) येथील बिशपने योनाच्या पुस्तकाचे वाचन जेरोमच्या अनुवादातून करविले. योनाला सावली देणाऱ्या वेलीला जुन्या पाठात भोपळ्याचा वेल म्हटलेले होते. जेरोमने तिथे आयव्ही ही वेल आणली होती. पिढ्यान्‌पिढ्या कानांवर पडलेला शब्द बदललेला ऐकून उपासकांनी इतका गदारोळ केला की बिशपला गावातील यहुद्यांचे मत घ्यावे लागले आणि अखेर, मंडळी हातची जाऊ नये म्हणून, जुन्या पाठाकडे वळावे लागले.

स्तोत्रसंहितेच्या बाबतीत तर वहिवाटीने जेरोमवर कायमची मात केली. स्तोत्रे त्याने हिब्रूवरूनही अनुवादिली होती. परंतु मठांतून रोज गायिली जाणारी स्तोत्रे बदलणे कोणालाच मानवले नाही. त्यामुळे सेप्टुअजिंटच्या आधारे त्याने पूर्वी केलेली आवृत्ती व्हल्गेटमध्ये टिकली आणि हिब्रूवरची आवृत्ती अभ्यासकांपुरती उरली. शलमोनाचे ज्ञान, बारूख आणि मक्काबी या पुस्तकांना जेरोमने हात लावला नव्हता. त्यांचे जुने लॅटिन अनुवाद तसेच ग्रंथात आले. एकूण व्हल्गेट हे एकहाती भाषांतर नव्हे, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे वाद समजणे सोपे जाते.

मध्ययुगात या ग्रंथाच्या प्रती मठांतून तयार होत. इंग्लंडमधील वेअरमथ-जॅरो मठात इ. स. ७०० च्या सुमारास लिहिलेली आणि आता फ्लॉरेन्समध्ये असलेली ‘कोडेक्स अमियातिनस’ ही संपूर्ण व्हल्गेटची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत होय. फ्रँक सम्राट शार्लमेनच्या काळात त्याच्या दरबारातील विद्वान अल्क्विनने पाठशुद्धीचा प्रयत्न केला. तथापि नकलाकारांच्या चुका आणि समासातून मजकुरात शिरलेल्या टिपा वाढतच गेल्या.

छपाई आणि धर्मसुधारणेची चळवळ यांमुळे हा प्रश्न ऐरणीवर आला. डच विद्वान इरॅस्मसने १५१६ मध्ये बाझेल येथे नव्या कराराचा ग्रीक पाठ आपल्या लॅटिन अनुवादासह प्रसिद्ध केला आणि व्हल्गेटमधील दोष उघड केले. जर्मन धर्मसुधारक ल्यूथर व त्याचे अनुयायी मूळ भाषांकडे वळले. यावर कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी असा ठराव केला की प्रचलित लॅटिन आवृत्त्यांपैकी व्हल्गेट हीच सार्वजनिक अध्यापन, वाद, प्रवचन व विवरण यांसाठी प्रमाण मानावी. हिब्रू व ग्रीक मूळपाठांना हा ठराव कमी लेखत नाही. त्याचा तसा अर्थ काढला गेला तो वादाच्या भरात, आणि तोही दोन्ही पक्षांकडून. ठरावातील खरी अडचण व्यवहारातली होती. प्रमाण ठरविलेल्या ग्रंथाची प्रमाण प्रत अस्तित्वात नव्हती, आणि ती काढण्यास पुढे चव्वेचाळीस वर्षे लागली.

ही प्रत पोप सिक्स्टस पाचवा याने काढली. कार्डिनल काराफा याच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने जुन्या हस्तलिखितांच्या आधारे केलेल्या सुधारणा सिक्स्टसला रुचल्या नाहीत. त्याने त्यांतील पुष्कळशा बाजूला सारल्या आणि पाठ स्वतःच निश्चित केला. फ्रेंच मुद्रक रोबेर एस्तिएनने १५५१ मध्ये घातलेले आणि सर्वत्र रुळलेले वचनांचे क्रमांकही त्याने बदलले. १५९० मध्ये ग्रंथ बाहेर पडला, तेव्हा छापील पानांवर ठिकठिकाणी कागदाचे कपटे चिकटवून चुका दुरुस्त केलेल्या होत्या. सोबतच्या आज्ञापत्रात या पाठात यापुढे कोणीही फेरफार करू नये, अशी सक्त ताकीद होती. त्याच वर्षी २७ ऑगस्टला सिक्स्टस मरण पावला आणि काही दिवसांतच कार्डिनलांनी ग्रंथाची विक्री थांबविली.

नव्याने संशोधन होऊन पोप क्लेमेंट आठवा याच्या काळात १५९२ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली. मृत पोपची अप्रतिष्ठा होऊ नये म्हणून मुखपृष्ठावर सिक्स्टसचेच नाव ठेवण्यात आले आणि कार्डिनल बेलार्मिनने लिहिलेल्या प्रस्तावनेत दोषाचा भार छापखान्यावर टाकण्यात आला. हा बचाव फारसा पटण्याजोगा नव्हता, कारण दोन्ही आवृत्त्यांतील अनेक फरक मुद्रणदोषांच्या सदरात बसत नाहीत. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाचा ग्रंथपाल टॉमस जेम्स याने १६०० मध्ये त्या फरकांची यादीच छापून प्रोटेस्टंटांच्या हाती आयते शस्त्र दिले. तरीही क्लेमेंटची आवृत्ती विसाव्या शतकापर्यंत कॅथलिक चर्चचे अधिकृत लॅटिन बायबल राहिली.

देशी भाषांतील अनुवादांवरही व्हल्गेटला प्रमाण मानण्याच्या या भूमिकेची छाया पडली. १५६४ च्या निषिद्ध ग्रंथांच्या नियमांनुसार लोकभाषेतील बायबल वाचण्यास बिशप किंवा इन्क्विझिटर (चर्चचा धर्मन्यायाधिकारी) यांची लेखी अनुज्ञा लागे, आणि कॅथलिक अनुवाद सामान्यतः व्हल्गेटवरूनच होत. गोव्यात राचोल येथे १६१६ मध्ये छापलेले जेझुइट थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ बायबलची कथा मराठी ओवीत सांगते, पण ते भाषांतर नव्हे. नव्या कराराचा मराठी अनुवाद छापून आला तो १८११ मध्ये, सेरामपूरच्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांकडून.

व्हल्गेटच्या अधिकाराची सर्वांत कठीण कसोटी योहानाच्या पहिल्या पत्रातील पाचव्या अध्यायाने पाहिली. तेथे पिता, शब्द व पवित्र आत्मा हे स्वर्गातील तीन साक्षी असून ते तिघे एक आहेत, असे एक वाक्य उत्तरकालीन लॅटिन प्रतींत आढळते. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. अमियातिनस प्रतीतही नाही. इरॅस्मसने पहिल्या दोन आवृत्त्यांतून ते वगळले आणि टीकेचा भडिमार झाल्यावर, त्याच सुमारास पुढे आलेल्या एका ग्रीक प्रतीच्या आधाराने, १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत घातले. क्लेमेंटच्या व्हल्गेटमध्ये ते होतेच. म्हणून १८९७ मध्ये रोमच्या पवित्र कार्यालयाने (धर्ममतांवर देखरेख ठेवणाऱ्या चर्चच्या संस्थेने) त्याची अस्सलता नाकारणे सुरक्षित नाही, असा निर्वाळा दिला; १९२७ मध्ये मात्र अभ्यासकांना विरुद्ध मत धरण्याची मोकळीक असल्याचे त्याच कार्यालयाने स्पष्ट केले. पोप पायस बारावा याने १९४३ मध्ये ट्रेंटच्या ठरावातील प्रामाण्य हे पाठचिकित्सेच्या अर्थाने नसून चर्चमधील वापराच्या दृष्टीने आहे, असा खुलासा करून मूळ भाषांवरून अनुवाद करण्यास उत्तेजन दिले. पोप जॉन पॉल दुसरा याने १९७९ मध्ये जाहीर केलेल्या ‘नोवा वुल्गाता’ या सुधारित अधिकृत आवृत्तीत हे वाक्य नाही.