एकवीस की बावीस? एका क्रमांकाची पार्श्वभूमी

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे आनुवंशिक आजार म्हटलं की आधी सिकलसेल आठवतो. त्यातला दोष ११ नंबरच्या क्रोमोसोमवरच्या (गुणसूत्रावरच्या) एका जनुकातल्या डीएनएच्या एकाच अक्षराचा. कॅरिओटाइपमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली क्रोमोसोम मोजून-मांडून बघण्याच्या तपासणीत, तो दोष दिसत नाही; रिपोर्ट नॉर्मलच येतो. डाउन सिंड्रोमचं उलट आहे. तिथे अख्खं क्रोमोसोमच जास्तीचं असतं आणि निदान पक्कं करायला कॅरिओटाइपच लागतो. त्या जास्तीच्या क्रोमोसोमला २१ हा नंबर कसा पडला, त्याची ही गोष्ट.

माणसाच्या पेशीत ४८ नव्हे तर ४६ क्रोमोसोम असतात, हे स्वीडनमधल्या लुंडला १९५६ मध्ये ठरलं. १९५९ मध्ये पॅरिसच्या गटाने डाउनच्या मुलांमध्ये ४७ मोजले. पुढच्याच वर्षी डेन्व्हरला क्रमांकाची पद्धत बसली: लांबीप्रमाणे, मोठं ते १ नंबर, सगळ्यात लहान ते २२. खरा घोळ इथून सुरू होतो. तेव्हाच्या साध्या रंगात शेवटच्या दोन जोड्या वेगळ्या ओळखू येत नव्हत्या. डाउनमध्ये जे जास्तीचं असतं त्याला २१ म्हणायचं, एवढाच आधार होता. त्याच १९६० मध्ये फिलाडेल्फियाला रक्ताच्या एका कर्करोगात तुटकं छोटं क्रोमोसोम सापडलं. तेही २१च, असं बऱ्याच जणांनी धरलं आणि दोन्ही आजारांचा संबंध जोडणारे तर्क त्यावर उभे राहिले.

१९७० च्या सुमारास पट्टे दाखवणारे रंग आले आणि दोन गोष्टी उघड झाल्या. कर्करोगातलं क्रोमोसोम वेगळंच होतं. आणि डाउनमधलं क्रोमोसोम दोघांत लहान निघालं, म्हणजे नियमाने त्याचा नंबर २२ हवा होता. १९७१ च्या पॅरिस परिषदेने नियम बाजूला ठेवला, डाउनला २१ कायम केलं आणि कर्करोगातल्याला २२ दिलं. काहींना ही तडजोड वाटते. आमच्या मते दुसरा मार्गच नव्हता. नंबर अदलाबदल केले असते तर दहा-बारा वर्षांच्या प्रत्येक जुन्या रिपोर्टवर, तो कोणत्या पद्धतीचा, हा प्रश्न आला असता आणि त्याची किंमत कुटुंबांनी मोजली असती. पुढे जनुकक्रम वाचून झाला तेव्हा मोजमापही मिळालं: २१ मध्ये सुमारे ४.७ कोटी अक्षरजोड्या, २२ मध्ये ५.१ कोटी.

आज तालुक्याच्या दवाखान्यात अडतं ते नमुन्यापाशी. २ ते ३ मिली रक्त सोडियम हेपरिनच्या नळीत घ्यायचं. सीबीसीची (रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीची) जांभळ्या टोपीची नळी चालत नाही. तिच्यातलं ईडीटीए हे रसायन कॅल्शियम बांधून ठेवतं आणि पेशी विभागत नाहीत. लिथियम हेपरिनचीही टोपी हिरवीच असते, म्हणून लेबल वाचावं. रक्त गोठवायचं नाही, नळी बर्फाला थेट टेकवायची नाही, आणि मे महिन्यातल्या ४५ अंशांत एसटीच्या पार्सलमध्ये उघडी तर मुळीच टाकायची नाही. ४८ तासांत नमुना लॅबला पोचावा. तिथे ३७ अंशांवर ७२ तास कल्चर (पेशी वाढवणं), शेवटी विभागणी मध्येच थांबवायला कोल्चिसिन, मग पेशी फुगवायला ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइड, मग त्या टिकवायला मिथेनॉल आणि अ‍ॅसेटिक आम्ल ३:१. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात स्लाइड झटकन वाळते, क्रोमोसोम नीट पसरत नाहीत आणि पट्टे वाचता येत नाहीत. खोलीत ओलावा ठेवावा लागतो.

रिपोर्ट हाती आल्यावर सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे '४६' वाचून नॉर्मल समजणं. डाउनच्या साधारण ९५ टक्के मुलांमध्ये ४७ असतात. ३-४ टक्क्यांत मात्र जास्तीचं २१ दुसऱ्या क्रोमोसोमला, बहुधा १४ ला, चिकटलेलं असतं आणि मोजणी ४६ च भरते. अशा वेळी आईवडील दोघांचा कॅरिओटाइप करायलाच हवा. ज्याच्यात ही जोडणी आहे तो वाहक पालक धडधाकट असतो; चिकटलेली दोन एकच मोजली जातात, म्हणून त्याची मोजणी ४५ येते. १४-२१ ची वाहक आई असेल तर पुढच्या खेपेला धोका १० ते १५ टक्के, वडील असतील तर १-२ टक्के. २१ ला २१ च चिकटलेलं असेल तर जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाला डाउन असतं. दोघांचेही कॅरिओटाइप नॉर्मल आले तर ही जोडणी मुलातच नव्याने झालेली असते. ग्रहणात बाईने काय चिरलं याचा या कशाशीच संबंध नाही, हे सासरच्यांसमोर सांगावं.

आता मायक्रोअ‍ॅरेची जाहिरात जोरात आहे; क्रोमोसोमचा कुठला भाग कमीजास्त आहे का, हे तपासणारी ही चाचणी. पण वाहक पालकात काही कमीजास्त झालेलं नसतं, फक्त जागा बदललेली असते. अ‍ॅरे प्रमाण मोजतो, जागा दाखवत नाही. त्यामुळे पालकांसाठी फॉर्मवर पट्ट्यांचा कॅरिओटाइपच लिहावा आणि मुलाच्या रिपोर्टची प्रत सोबत जोडावी.