चित्रपुस्तकात मुलांची नजर कुठे थांबते?

चार वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन आपण गोष्ट वाचतो, तेव्हा त्याचे डोळे कुठे असतात? कॅनडातल्या मेरी ॲन इव्हान्स आणि जाँ सेंट-ऑबिन यांनी डोळ्यांच्या हालचाली टिपणारं उपकरण वापरून हेच पाहिलं. २००५ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांची नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रांवर होती, अक्षरांकडे ती फारशी वळलीच नाही. म्हणजे मोठी माणसं शब्द वाचत असतात आणि मूल त्याच वेळी चित्र वाचत असतं. चित्रकाराचं नाव आतल्या पानावर बारीक अक्षरांत छापलेलं दिसलं की म्हणूनच वाईट वाटतं. या वयाच्या वाचकासाठी अर्धं पुस्तक त्यानेच लिहिलेलं असतं.

चित्र वाचायची तयारी जन्मापासूनच सुरू होते. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात नीट दिसतं, तेही धूसर. फिक्या छटांमधला फरक त्याला कळत नाही, गडद आणि उजळ यांची ठळक सीमारेषा मात्र कळते. अगदी तान्ह्या बाळांच्या पुस्तकांत पांढऱ्यावर काळ्या आकृत्या असतात त्या यामुळेच. पहिल्या तीन-चार महिन्यांत रंगांची जाण येते, आधी लाल-हिरव्याची आणि मग निळ्या-पिवळ्याची. मोठ्यांना आवडणारी नाजूक, फिकट रंगसंगती या वयात वाया जाते.

आणि चेहरा! १९६०च्या सुमारास रॉबर्ट फँट्झ यांनी दाखवून दिलं, की बाळं कोऱ्या रंगीत तबकडीपेक्षा चेहऱ्याच्या आकृतीकडे जास्त वेळ बघतात. २००२ मध्ये तेरेसा फारोनी आणि सहकाऱ्यांना आढळलं, की जन्मून दोन ते पाच दिवस झालेली बाळंसुद्धा नजर चुकवणाऱ्या चेहऱ्यापेक्षा थेट आपल्याकडे बघणाऱ्या चेहऱ्यावर जास्त रेंगाळतात. मुखपृष्ठावरचं अस्वल किंवा ससा वाचकाच्या डोळ्यांत बघत असतो, त्याची ओढ इतकी जुनी आहे. त्यात मोठं डोकं, मोठे डोळे, गोबरे गाल आले, की मोठ्यांचाही जीव विरघळतो. ही ‘बाळरूपाची’ लक्षणं कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्येच मांडली होती. मुखपृष्ठाला दोन गिऱ्हाइकं असतात, एक हात पुढे करणारं आणि एक पैसे देणारं. ही लक्षणं दोघांवरही चालतात.

पण चित्र म्हणजे वस्तू नव्हे, हे मुलाला शिकावं लागतं. ज्युडी डिलोश यांच्या प्रयोगांत नऊ महिन्यांची बाळं पुस्तकातल्या बाटलीच्या फोटोवर बोटं फिरवत, तो चिमटीत धरायला बघत. हे अमेरिकेत दिसलं, तसंच आयव्हरी कोस्टमधल्या खेड्यांतही. दीड वर्ष उलटलं की तीच मुलं पकडायचं सोडून बोट दाखवू लागतात. कागदावर नखं घासणाऱ्या बाळाच्या हातून पुस्तक काढून घेऊ नये. ते त्या वेळी फार मोठं काम करत असतं.

मग चित्र जितकं भरगच्च, तितकं चांगलं का? इथे पुष्कळ प्रकाशकांचा आणि पालकांचाही अंदाज चुकतो. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी नुकतीच वाचू लागलेल्या मुलांना एकच गोष्ट दोन रूपांत दिली. एकात मूळ चित्रं होती. दुसऱ्यात गोष्टीशी संबंध नसलेले तपशील काढून टाकलेले होते. साध्या चित्रांसोबत मुलांची नजर मजकुरावरून कमी भरकटली आणि गोष्ट जास्त समजली. उघडझाप करणाऱ्या खिडक्या, ओढायच्या पट्ट्या यांचंही तेच: मुलं त्यांत रमतात, पण त्या पानावरची अक्षरं किंवा माहिती कमी शिकतात. निव्वळ मजेसाठी अशी पुस्तकं जरूर असावीत, मलाही ती आवडतात. चित्रातली प्रत्येक गोष्ट मात्र कथेच्या कामी यायला हवी.

याला जोडून ससेक्स विद्यापीठातल्या झोई फ्लॅक आणि जेसिका हॉर्स्ट यांचा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. तीन वर्षांच्या मुलांना गोष्टीतून नवे शब्द शिकवताना, समोरासमोरच्या दोन्ही पानांवर चित्रं असली तर मुलं कमी शब्द शिकली. एका वेळी एकच चित्र दिसलं, तर जास्त. कारण वाचता न येणाऱ्या मुलाला ऐकू येणारं वाक्य कोणत्या पानाचं, हेच कळत नाही. उपाय सोपा निघाला. पान वाचण्याआधी त्यावरून नुसता हात फिरवला, तरी दोन चित्रं समोर असतानाही मुलं शब्द शिकली.