डोंगरउतारावरील चिबड चिकणमाती

उष्ण कटिबंधातील भरपूर पावसाच्या डोंगरांवर काही ठिकाणी उतार चांगला तीव्र असतो, तरीही तिथली चिकणमाती महिनोन्‌महिने पाण्याने भरलेली राहते. अशा चिबड जमिनीची ही नोंद आहे. प्वेर्तो रिकोतील ल्युकिलो पर्वत आणि दक्षिण इक्वेडोरमधील अँडीजची ढगांत बुडालेली वने ही तिची अभ्यासली गेलेली ठळक उदाहरणे. सह्याद्रीत आणि निलगिरीत ती सलग पट्ट्यांनी आढळत नाही. खोलगट उतार, मधल्या सपाट पायऱ्या, झऱ्यांच्या जागा अशा तुकड्यातुकड्यांनी आढळते. आंतरराष्ट्रीय मृदा वर्गीकरणात तिची विभागणी मुख्यतः ग्लायसॉल (खालून आलेल्या भूजलाने भिजलेली) आणि स्टॅग्नोसॉल (वरून आलेले पाणी अडकून राहिलेली) या गटांत होते. त्यांपैकी स्टॅग्नोसॉल हा गट २००६ मध्ये स्वीकारला गेला.

नागपूर हे डोंगराळ गाव नव्हे. समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीच्या पठारी प्रदेशात ते वसले आहे आणि वर्षाला साधारण १,१०० मिमी. पाऊस तिथे पडतो. तरीही या विषयाचा नागपूरशी जवळचा संबंध आहे. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो ही १९७६ साली स्थापन झालेली संस्था अमरावती मार्गावर आहे आणि सह्याद्रीच्या ओल्या उतारांवरील काळ्या चिकणमातीचे कोडे तिथल्याच शास्त्रज्ञांनी उलगडले. शिवाय पाणी धरून बसणारी माती पिकाचे काय करते, हे विदर्भाच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

उतार आहे म्हणजे निचरा आहे, ही समजूत फार पक्की आहे आणि तिच्यामुळे नुकसानही बरेच होते. उतारावरून झपाट्याने वाहून जाते ते पृष्ठभागावरचे पाणी. मातीत शिरलेल्या पाण्याला ०.००२ मिमी.पेक्षा लहान कणांच्या मधल्या फटींतून वाट काढावी लागते. एक साधे गणित मांडून पाहता येईल. संपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेल्या, चिकणमातीची पार्यता (पाणी झिरपू देण्याची क्षमता) ताशी २ मिमी., उतार २० अंशांचा आणि मातीतील पोकळी ४० टक्के धरली, तर पाणी उताराच्या दिशेने दिवसाला जेमतेम ४ सेंमी. सरकते. ५० मीटर खाली पोहोचायला त्याला तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. प्रत्यक्षात मुळांच्या पोकळ्या, खेकड्यांची बिळे आणि भेगा यांतून बरेच पाणी लवकर निघते. पण मातीचा गाभा भरलेलाच राहतो आणि तो रिकामा होण्याआधी पुढचा पाऊस येऊन ठेपतो.

यात हवामानाचा वाटाही मोठा आहे. ल्युकिलोच्या माथ्यावर वर्षाला ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो आणि तो बाराही महिने विभागलेला असतो. ढगांमुळे ऊन कमी, उंचीमुळे गारवा, त्यामुळे बाष्पीभवनही कमी. महाबळेश्वर किंवा आंबोलीला पाऊस याहून जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत आटोपतो आणि पुढचे कोरडे महिने मातीला सुकायला अवधी देतात. सह्याद्रीत अशा जमिनी तुटक का आढळतात, याचे मोठे कारण हा उन्हाळा आहे.

चिकणमाती म्हटली की ती पाणी अडवणारच, असे मात्र नाही. दमट उष्ण प्रदेशातील खोल तांबड्या जमिनींत चिकण कणांचे प्रमाण ६० टक्क्यांच्या वर असूनही निचरा उत्तम असतो. लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडे त्या कणांना घट्ट बांधून रव्यासारखे दाणे करतात आणि पाणी त्या दाण्यांच्या मधून सहज उतरते. बिघडते ते पाणी साचू लागल्यावर. मातीतला ऑक्सिजन संपला की जिवाणू श्वसनासाठी आधी नायट्रेट, मग मँगेनीज, मग लोह वापरतात. लोहाचे क्षपण, म्हणजे गंजण्याच्या उलट क्रिया, झाली की ते विद्राव्य होते आणि दाण्यांना बांधणारा दुवाच निसटतो. दाणे विस्कटतात, फटी बुजतात, निचरा आणखी घटतो. या जमिनीचे दुखणे असे स्वतःच स्वतःला वाढवत नेते. एकदा बिघडलेला उतार सहसा आपोआप सुधारत नाही, तो यामुळेच.

क्षपणाची खूण रंगात उमटते. तांबडी-पिवळी माती करडी, निळसर किंवा हिरवट होते. मुळांच्या कडेने, जिथे थोडी हवा पोहोचते तिथे, गंजासारखे नारिंगी ठिपके व रेषा दिसतात. सर्वेक्षक ओल्या ढेकळाचा रंग मन्सेल रंगपुस्तिकेशी जुळवून पाहतात आणि जमिनीला निचऱ्याच्या सात वर्गांपैकी एक देतात. खड्डा एप्रिलमध्ये खणला आणि माती कोरडी लागली तरी रंग खोटे बोलत नाही. आणखी एक गोष्ट खड्ड्यात दिसते. वरचा अर्धा-पाऊण मीटर करडा आणि त्याखालची माती तांबडी, हवेशीर असा उलटा क्रम असेल, तर पाणी खालून वर आलेले नसून वरच अडकलेले आहे. उतारांवर हा प्रकार अधिक आढळतो.

काळ्या चिकणमातीचे कोडे असे होते. स्मेक्टाइट हे काळ्या मातीतले फुगणारे खनिज. जोरदार पावसात मातीतले कॅल्शियम आणि सिलिका धुऊन जाते आणि स्मेक्टाइटचे केओलिनाइट हे न फुगणारे खनिज होते, असे सर्वमान्य होते. मग सह्याद्रीच्या दमट भागात, तांबड्या मातीच्या शेजारीच, खोलगट जागांत स्मेक्टाइटने भरलेली काळी माती टिकली कशी? नागपूरच्या ब्यूरोतील तपस भट्टाचार्य, डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये याचे उत्तर दिले. दख्खनच्या बेसाल्टमध्ये जागोजाग झिओलाइट गटातील खनिजे आहेत. ती झिजताना सतत कॅल्शियम पुरवतात आणि पावसाने नेलेली तूट भरून काढतात, म्हणून स्मेक्टाइट तग धरते. पुढे सातपुड्यातील मातीतही त्यांना हेच दिसले. मृदाशास्त्रात नागपूरने घातलेली ही भर मोलाची आहे आणि विदर्भातल्या वाचकालाच ती फारशी ठाऊक नसते, याची खंत वाटते. निचऱ्याच्या दृष्टीने तिचा अर्थ सरळ आहे. मूळ खडकात झिओलाइट असेल, तर भरपूर पावसाच्या उतारावरही खालच्या रानासारखीच फुगणारी, भेगा मिटवून पाणी कोंडणारी माती मिळू शकते.

नागपूर-वर्धा भागातल्या जुन्या जमाबंदीत काळी, मोरंड, खरडी, बरडी असे जमिनीचे वर्ग होते आणि त्यांत निचऱ्याची जाण मुरलेली होती. काळी कसदार, पण पावसाळ्यात वाफसा लवकर येत नाही. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या पट्ट्यात भारी काळीत लावलेल्या संत्र्याची मुळे पाणी साचल्याने गुदमरतात, फायटोप्थोरा बुरशी शिरते आणि खोडावर डिंक्या दिसू लागतो. दक्षिणेच्या डोंगरांतील मिरीच्या वेलाला मर आणणारी बुरशीही याच कुळातली आहे.

जंगलाने मात्र या मातीशी जुळवून घेतले आहे. ल्युकिलोच्या माथ्यावर झाडे खुजी, वाकडी, शेवाळाने मढलेली असतात आणि मुळे जमिनीवरच पसरलेली दिसतात, कारण खाली प्राणवायू नाही. पालापाचोळा नीट कुजत नसल्याने कार्बन साचतो आणि क्षपणाच्या शेवटच्या टप्प्यावर मिथेनही तयार होतो. निलगिरीत उतारांच्या पायथ्याशी साचलेल्या पीटमधील (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरातील) कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, गेल्या २०,००० वर्षांत गवत आणि वन यांचे पारडे कसे बदलत गेले, ते वाचता आले आहे.

कोकणात पाणी अडवणारा थर बहुधा जांभ्याखाली असतो. जांभा सच्छिद्र, सड्यावरचा (जांभ्याच्या उघड्या पठारावरचा) पाऊस तो पिऊन घेतो. त्याखाली पांढरट, चिकट केओलिन माती लागते आणि पाणी तिच्यावर थबकून आडवे सरकते. सड्याच्या कडेला फुटणारे झरे याच सांध्यावरचे असतात. दरडींचा धोकाही तिथेच. चिकण थरावर साचलेल्या पाण्याचा दाब वाढला की वरच्या मातीची पकड सुटते. गोव्यातील पेडणे बोगद्यात जुलै २०२४ मध्ये चिखल-पाणी शिरून कोकण रेल्वे खोळंबली. ३० जुलै २०१४ रोजी दीडशेहून अधिक माणसे गेलेल्या माळीणमध्ये जांभा नव्हता. तिथे बेसाल्टवरील झिजलेल्या मातीचा जाड थर पावसाने संपृक्त होऊन घसरला.

शेतकऱ्याला कधीकधी हाच दोष हवा असतो. उतारावर खाचरे पाडून भात लावताना चिखलणी करतात ती मातीचे दाणे मोडून पाणी टिकावे म्हणून. भाताला ते मानवते. चहा, कॉफी, मिरी किंवा कोणत्याही फळझाडाला मानवत नाही, आणि चिखलणी केलेले खाचर पुन्हा फळबागेखाली आणणे फार जिकिरीचे जाते.

उपाय करताना महाराष्ट्रात एक घोटाळा सर्रास होतो. विदर्भ-मराठवाड्यात उपयोगी पडलेले सलग समतल चर तसेच्या तसे घाटमाथ्यावर नेले जातात. कमी पावसाच्या मुरमाड उतारावर पाणी जिरवणे योग्यच. पण खाली चिकण थर असलेल्या अतिपावसाच्या उतारावर जिरवलेले पाणी त्या थरावरचा दाब वाढवते. अशा ठिकाणी चराला हलका ढाळ द्यावा लागतो. तो झरा फुटतो त्याच्या वरच्या अंगाला, पाणी अडवणाऱ्या थरापर्यंत खोल घ्यावा, दगड-गोट्यांनी भरावा आणि त्याचे तोंड गवत राखलेल्या नाल्यात काढावे. भूमिगत नळ्या या मातीत इतक्या जवळजवळ टाकाव्या लागतात की उतारावर तो खर्च परवडत नाही. रस्त्यासाठी पायथा कापताना किंवा घरासाठी सपाटी करताना आधी खड्डा खणून करडा थर किती खोलीवर आहे ते पाहावे आणि तो उथळ असेल तर जागा बदलावी. मूळचे जंगल उभे असलेल्या उतारावर चर खणू नयेत. तिथली मुळेच पाणी ओढतात आणि मातीला बांधून ठेवतात.