निर्यात घटली की निर्यातीतला वाटा घटला?

अमेरिकेच्या सोयाबीनबद्दल दोन विधानं सारखी कानावर पडतात. निर्यात वीस-बावीस वर्षांत जवळपास दुप्पट झाली, हे एक. जागतिक बाजारात अमेरिका मागे पडली, हे दुसरं. ऐकणाऱ्याला वाटतं, यातलं एक तरी खोटं असणार. पण दोन्ही खरी आहेत. पहिलं टनांबद्दल आहे, दुसरं वाट्याबद्दल.

टन मोजायला त्या एका देशाच्या बंदरांवरचे आकडे पुरतात. वाटा मात्र भागाकार आहे आणि त्यातली खालची संख्या साऱ्या जगाची असते. २००० च्या सुमारास अमेरिका वर्षाला पावणेतीन कोटी टनांच्या आसपास सोयाबीन बाहेर पाठवत होती. जगातल्या निर्यातीपैकी साधारण निम्मं. पुढे निर्यात पाच कोटी टनांपलीकडे गेली, तरी वाटा एक तृतीयांशाच्या आसपास उतरला.

कारण मधल्या काळात बाजारच फुगला. चीनची सोयाबीन आयात २००० मध्ये सुमारे १ कोटी टन होती, ती २०२० मध्ये १० कोटी टनांवर गेली. ही भूक मुख्यतः ब्राझीलने भागवली. तिथल्या सेराडो प्रदेशाची लाल माती इतकी आम्लधर्मी की पूर्वी ती शेतीला निरुपयोगीच समजली जायची. शेतकऱ्यांनी तिच्यात भरपूर चुना मिसळला, आणि १९७३ साली स्थापन झालेल्या एम्ब्रापा या सरकारी संशोधन संस्थेने उष्ण कटिबंधातल्या लहान दिवसांना मानवणारी वाणं रुजवली. अनेक ठिकाणी सोयाबीन काढल्याबरोबर त्याच रानात मका पेरतात. एवढ्या मेहनतीला ‘अमेरिकेची पीछेहाट’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. जुलै २०१८ मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा आयातशुल्क लावलं, तेव्हा चीनला जाणारे टनही घटले. ती खरी पीछेहाट.

उलटही घडतं: दुसरा थांबला म्हणून आपला वाटा चढतो. २०११ मध्ये थायलंड सरकारने बाजारभावापेक्षा चढ्या दराने भात विकत घेऊन गोदामं भरायला सुरुवात केली. त्यांची तांदूळ निर्यात वर्षभरात १ कोटी टनांवरून ७० लाखांच्या आसपास आली. नेमकी त्याच वर्षी सप्टेंबरात भारताने बिगर-बासमती तांदळाच्या निर्यातीवरची बंदी उठवली होती. २०१२ मध्ये भारत पहिल्या क्रमांकावर गेला. यात आपल्या शेतकऱ्याचं कष्ट होतंच, पण बँकॉकमधला निर्णयही होता.

तांदळात हे हेलकावे मोठे असतात, कारण जगात पिकणाऱ्या तांदळापैकी जेमतेम दहावा हिस्सा सीमा ओलांडतो. चीन प्रचंड तांदूळ पिकवतो आणि बहुतेक स्वतःच खातो. २०२२ मध्ये जागतिक निर्यातीत भारताचा वाटा सुमारे ४० टक्के होता. २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि तो खाली आला. त्याच २०२३-२४ च्या हंगामात देशात तांदळाचं उत्पादन विक्रमी, १३ कोटी टनांहून अधिक झालं होतं.