प्रयोगशाळेचं पाणी आणि शंभर लिटरचा मोह

गेल्या महिन्यात सेलूहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो गावात पॅथॉलॉजी लॅब टाकतोय. जागा झाली, यंत्रं ठरली, गाडी अडली ती पाण्यावर. "सर, शुद्ध पाण्याचं मशीन तासाला पन्नास लिटरचं घेऊ की शंभरचं? विक्रेता म्हणतो शंभरचंच घ्या, उद्या काम वाढलं तर पंचाईत नको." मी विचारलं, "दिवसाला पाणी किती लागणार?" तो गप्प. "बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, किती?" पुन्हा गप्प.

मोठं घेतलं की निर्धास्त, हा समज फार पक्का आहे. महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी आयुष्य काढलं, तिथेही खरेदीच्या बैठकीत पहिला प्रश्न किंमतीचा आणि दुसरा लिटरचा असायचा. आपल्या नळाला येणारं पाणी कसलं आहे, हे कुणी विचारायचं नाही. मराठवाड्यात तर तोच प्रश्न पहिला हवा.

आधी गरज मोजू. रक्ताच्या रासायनिक चाचण्या करणारं त्याचं यंत्र, बायोकेमिस्ट्री अ‍ॅनालायझर, चालू असताना तासाला १२ लिटर पाणी घेतं आणि सकाळी तीन तास चालेल, म्हणजे ३६ लिटर. काचसामान शेवटचं खळबळायला १५, वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हला ६, द्रावणं बनवायला ३. झाले ६० लिटर. यातलं निम्म्याहून जास्त पाणी सकाळी नऊ ते बारामध्ये लागतं, हे मात्र लक्षात ठेवा. दिवसाची बेरीज आणि सकाळची घाई असे दोन वेगळे आकडे काढावे लागतात. घाई भागवायचं काम टाकीचं आहे, मशीनचं नाही.

सगळ्या कामांना एकाच दर्जाचं पाणीही लागत नाही. आयएसओ ३६९६ या मानकात प्रयोगशाळेच्या पाण्याचे तीन दर्जे आहेत आणि २५ अंशांना त्यांच्या विद्युतवाहकतेची मर्यादा पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या दर्जाला अनुक्रमे सेंटिमीटरला ०.१, १ आणि ५ मायक्रोसिमेन्स अशी आहे. क्षार जितके कमी, तितका हा आकडा लहान. काचसामानाला तिसऱ्या दर्जाचं पाणी चालतं. 'अतिशुद्ध' म्हणून १८.२ मेगाओहमचा, म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचा, जो आकडा जाहिरातीत झळकतो, तो कुण्या कंपनीचा पराक्रम नाही. पाण्याचे रेणू स्वतःच थोडे हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल आयनांत फुटतात, त्यामुळे परिपूर्ण शुद्ध पाणीही किंचित वीज वाहतंच. १८.२ ही त्याचीच हद्द. १८९४ मध्ये कोलराउश आणि हायडवायलर यांनी निर्वातात ४२ वेळा ऊर्ध्वपातन करून पाण्याला या हद्दीपर्यंत नेलं होतं. सेलूच्या लॅबला सगळं पाणी तिथवर न्यायची गरज नाही.

आता मला सर्वांत प्रिय असलेला भाग. मशीनवर 'तासाला १०० लिटर' लिहितात, ते कुठून येतं?

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात परातीत पाणी सुटतं. पेशींच्या पापुद्र्यातून पाण्याचे रेणू आरपार जातात, मिठाला ती मुभा सहजी नसते, म्हणून आतलं पाणी बाहेरच्या खारट बाजूकडे धाव घेतं. हे परासरण. १७४८ साली फ्रान्सच्या नोले यांनी ते डुकराच्या मूत्राशयाच्या पडद्यावर पाहिलं. या ओढीचा दाब किती, याचं गणित व्हान्ट हॉफ यांनी मांडलं. १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यांना मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. गणित विलक्षण साधं आहे: विरघळलेले कण एखाद्या वायूसारखे कोंडलेले आहेत असं समजा, कण जितके जास्त तितका दाब जास्त. ढोबळमानाने लिटरला दर हजार मिलिग्रॅम क्षारांमागे ०.७ बार धरा.

शुद्ध पाण्याचं मशीन म्हणजे आरओ, उलटं परासरण. त्यात आपण या ओढीच्या विरुद्ध पाणी पडद्यातून ढकलतो. पंपाने ६ बार दाब दिला आणि बोअरच्या पाण्यात १५०० मिलिग्रॅम क्षार असले, तर जवळजवळ १ बार परासरणाशी झुंजण्यातच जातो. उरतात ५. गोष्ट इथे संपत नाही. पडद्याच्या एका बाजूने पाणी पुढे सरकत जातं आणि वाटेत त्यातलं शुद्ध पाणी पलीकडे जात राहतं, म्हणून मागे उरणारं पाणी घट्ट होत जातं. निम्मं शुद्ध पाणी काढलं तर उरलेल्यात क्षार दुप्पट, ३००० मिलिग्रॅम. तीन चतुर्थांश काढलं तर चौपट, ६०००. म्हणजे पडद्याच्या शेवटच्या टोकाला परासरणाचा दाबच ४ बारच्या पुढे गेलेला असतो आणि ढकलायला जेमतेम दोन बार उरतात. छापील आकडा मात्र कमी क्षारांच्या पाण्यावर, २५ अंश तापमानाला, थोडंच पाणी काढून मोजलेला असतो. बसाल्टच्या भेगांमधून उपसलेल्या आपल्या पाण्याला तो जसाच्या तसा लागू होत नाही.

तापमानाचंही तसंच. थंडीत काकवी बाटलीतून उतरता उतरत नाही, उन्हाळ्यात भळकन येते. पाणीही थंडीत चिकट होतं, फक्त आपल्या हाताला ते जाणवत नाही. २५ अंशांवरून १५ वर आलं की त्याची चिकटाई सव्वापटीहून जास्त वाढते. आरओचं उत्पादन दर अंशाला सुमारे ३ टक्के घटतं. परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी गारठलेलं असतं. अशा वेळी तासाला १५ लिटरचं मशीन ११ लिटर देतं, क्षार जास्त असतील तर ८ वरही येतं. मे महिन्यात उलटं होतं. गच्चीवरचं पाणी तापतं, उत्पादन वाढतं, पण पडद्यातून निसटणारे क्षारही वाढतात. बहुतेक पडदे ४५ अंशांच्या पुढे चालवायचेच नसतात, तेव्हा टाकीवर सावली हवी.

मग सगळंच पाणी पिळून का काढू नये? कारण चौपट घट्ट पाण्यात कॅल्शियमही चौपट होतं आणि पाणी तापवायच्या भांड्यात जमतो तसा पांढरा थर पडद्यावर बसतो. यावर उपाय सॉफ्टनरचा. त्यातलं रेझिन कॅल्शियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. त्याचाही हिशेब होतो. निम्मं पाणी काढायचं तर ६० लिटर शुद्ध पाण्यासाठी रोज १२० लिटर कच्चं पाणी लागेल. कठीणपणा लिटरला ६०० मिलिग्रॅम असेल तर रोज ७२ ग्रॅमचा भार. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम पेलतं, म्हणजे १० लिटर रेझिनला आठवड्यातून एकदा मिठाचं पाणी द्यावं लागेल. एवढं केलं तर पडदा टिकतो. पडदा ९७ टक्के क्षार अडवत असताना १५०० पैकी ४५ पलीकडे जातात, ९५ टक्केच अडवू लागला की ७५. आरओतून निसटलेले धन आणि ऋण आयन धरणाऱ्या पुढच्या मिश्र रेझिनच्या कार्ट्रिजवरचा बोजा एवढ्यानेच दीडपटीच्या पुढे जातो आणि २० दिवस चालायचं कार्ट्रिज १२ दिवसांत संपतं. शिवाय कार्बन डायऑक्साइड आरओच्या पडद्यातून विनासायास पार होतो आणि रेझिनचा ऋण आयन धरणारा भाग खातो, तो खर्च वेगळाच.

हा हिशेब मराठवाड्यात फक्त पैशांचा नाही. साधं छोटं आरओ चारातलं एक लिटर देतं आणि तीन टाकून देतं. ६० लिटरमागे १८० लिटर गटारात, महिन्याचे २६ दिवस धरले तर ४६८० लिटर, म्हणजे जवळजवळ पाच हजारांचा एक टँकर. सॉफ्टनर लावून निम्मं काढलं तर हेच १५६० वर येतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या फेरीला दहा वाघिणींत पाच लाख लिटर आलं होतं. ते दिवस पाहिलेल्या माणसाला गटारात जाणारं पाणी मोजल्याशिवाय राहवत नाही. हे टाकाऊ पाणी फरशीला, संडासाला वापरा. झाडांना रोज घालू नका, माती खारावते.

आता शंभर लिटरच्या मशीनकडे या. ६० लिटरसाठी ते दिवसात फार तर तास-दीड तास चालेल आणि उरलेला वेळ बंद राहील. बंद आरओत दाब नसतो, तेव्हा क्षार पडद्यातून हळूहळू शुद्ध बाजूला झिरपतात, म्हणून चालू केल्यावर येणारं पहिलं पाणी वाईट असतं. मशीन जितकं मोठं आणि जितकं कमी वेळ चालणारं, तितका या वाईट पाण्याचा वाटा जास्त. त्याहून मोठं संकट जिवाणूंचं. साचलेल्या पाण्यात, नळ्यांच्या आतल्या बाजूला ते बुळबुळीत थर धरून बसतात आणि अत्यल्प अन्नावरही वाढतात. काही जिवाणू अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर तयार करतात आणि नेमकी हीच चाचणी यकृताच्या तक्रारीत डॉक्टर लिहून देतात. पाण्यातल्या विकरामुळे निकाल बिघडू शकतो, आणि बिघाड रक्तात नसून पाण्यात आहे हे ओळखायला कित्येक दिवस जातात. म्हणून टाकी एका दिवसाच्या गरजेपेक्षा मोठी नको. हवेतला कार्बन डायऑक्साइडही उघड्या टाकीतल्या शुद्ध पाण्यात मुरतो आणि सामू ५.६ च्या आसपास आणतो. टाकी बंद हवी, तिच्या श्वासनळीला गाळणी हवी आणि अतिशुद्ध पाणी वापरायच्या क्षणीच काढायला हवं.

इथे एका फसवणुकीबद्दल बोललंच पाहिजे. घरोघरी येणारे विक्रेते दोन ग्लासांत वीज सोडतात. आरओचं पाणी स्वच्छ राहतं, बोअरचं तपकिरी गढूळ होतं आणि घरातली मंडळी घाबरतात. तो गाळ पाण्यातला नसतो, तो लोखंडी कांडी विरघळून तयार झालेला गंज असतो. आरओच्या पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून तिथे कांडी विरघळत नाही. लोकांच्या अज्ञानावर असा धंदा करणं मला संतापजनक वाटतं. शून्य टीडीएस ही पिण्याच्या पाण्याची कसोटी नव्हेच. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार स्वीकारार्ह आहेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत.

त्या विद्यार्थ्याला मी तासाला १५ लिटरचं मशीन, ६० लिटरची बंद टाकी, त्यापुढे मिश्र रेझिन आणि आधी १० लिटर रेझिनचा सॉफ्टनर असं सुचवलं. जानेवारीत ८ लिटरवर आलं तरी साडेसात तासांत टाकी भरते. दुपारी बारानंतर सुरू केलं आणि मध्ये दोन-तीन तास वीज गेली, तरी सकाळी नऊला पाणी तयार असेल. काम वाढलं तर तसंच आणखी एक मशीन शेजारी लावता येतं, एक बंद पडलं तर दुसरं चालू राहतं. फक्त खरेदीआधी पाण्याची तपासणी दोनदा करायला सांगितली. एकदा आत्ताच्या बोअरच्या पाण्याची, आणि एकदा मे महिन्यात बोअर आटल्यावर ज्या विहिरीवरून टँकर येतो, तिच्या पाण्याची.