प्रश्नानंतरचे तीन सेकंद

विचारल्याबरोबर उत्तर देतो तो हुशार आणि घुटमळतो तो ढ, ही समजूत आम्हा शिक्षकांत इतकी मुरली आहे की आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मुलांविषयी बोलताना ती सहज तोंडातून निघते. मीही असेच बोलत असे. पुढे एकदा सहावीच्या विज्ञानाच्या तासाचे मी मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले आणि घरी ऐकले, तेव्हा मुलांच्या उत्तरांपेक्षा माझ्याच घाईने मी अस्वस्थ झालो. प्रश्न संपतो न संपतो तोच मी तो दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारत होतो, दुसऱ्याच मुलाचे नाव घेत होतो किंवा उत्तर स्वतःच सांगून टाकत होतो.

ही घाई माझ्या एकट्याची नाही. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांतील ध्वनिफिती तपासून १९७० च्या दशकात दाखवले की प्रश्नानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. हाच अवधी तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरे लांबली, ‘माहीत नाही’ कमी झाले, मुले आपणहून प्रश्न विचारू लागली आणि मागे पडलेली मानली जाणारी मुलेही बोलू लागली.

एक सेकंद आपल्याला पुरेसा का वाटतो, याचे उत्तर माणसांच्या रोजच्या गप्पांत आहे. भाषा-संशोधक तान्या स्टायव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जपानी, डॅनिश यांसह १० भाषांमधील संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा उत्तराच्या प्रश्नांनंतर समोरचा माणूस सरासरी सुमारे २०० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागात, उत्तर देऊ लागतो. भाषेगणिक ही सरासरी कमीजास्त असली तरी ती अर्ध्या सेकंदाच्या आतच राहते. मात्र ओळखीच्या वस्तूचे चित्र पाहून तिचे नुसते नाव उच्चारायलाही सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात, कारण आधी वस्तू ओळखायची, मग स्मरणातून शब्द निवडायचा, त्याचे ध्वनी क्रमाने जुळवायचे आणि शेवटी जीभ-ओठांना हुकूम सोडायचा, एवढी कामे मेंदूला करावी लागतात. मग गप्पांमधले उत्तर त्याच्या एकतृतीयांश वेळात कसे येते? ऐकणारा वाक्य संपण्याची वाटच पाहत नाही, म्हणून. ‘चहा घेणार का?’ यातला ‘चहा’ कानावर पडतो तेव्हाच ‘नको, आत्ताच झाला’ हे मनात तयार होऊ लागते.

‘ओले कपडे वाऱ्यावर लवकर का वाळतात?’ या प्रश्नाला ही सोय नाही. प्रश्न पूर्ण समजल्यावरच खरा शोध सुरू होतो, आणि तो चालू असताना प्रश्न कार्यकारी स्मृतीत, म्हणजे हातातल्या कामापुरत्या गोष्टी लक्षात धरणाऱ्या स्मृतीत, धरून ठेवावा लागतो. या स्मृतीत एका वेळी जेमतेम चार गोष्टी मावतात. त्यांतली एक जागा ‘चुकलो तर सगळे हसतील’ या भीतीने अडवली, घरी पावरी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाची आणखी एक जागा प्रमाण मराठीतले शब्द शोधण्यात गेली, तर उत्तरासाठी उरते काय? त्यात आम्ही प्रश्न बदलून पुन्हा विचारतो, म्हणजे अर्धवट झालेली जुळणी मोडून टाकतो. वर्गातील आपुलकीला मी विज्ञानाचाच भाग मानतो तो याच कारणाने: हसणारे कोणी नसले की मुलाच्या स्मृतीतली एक जागा खरोखरच मोकळी होते.

थांबायला आणि आपुलकीने वागायला पैसा लागत नाही. तरीही ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या, म्हणजे मेंदूचा मधला भाग जागा करण्याच्या, नावाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या वर्गांसाठी पालक हजारो रुपये मोजतात, याचे मला फार वाईट वाटते. मुले नाकाजवळच्या फटीतून पाहतात, हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी वारंवार दाखवून दिले आहे. या प्रकारात मुलांना शिकवली जाते ती फसवणूक.

अर्थात तीन सेकंद थांबणे हा प्रत्येक दुखण्यावरचा उपाय नव्हे. पाढे म्हणताना त्याची गरज नसते, आणि ज्याला काहीच सुचलेले नाही त्याला शांततेत ताटकळत उभे ठेवणे ही शिक्षाच ठरते; अशा वेळी शेजाऱ्याशी बोलून मग सांगण्याची मुभा द्यावी.

रो यांनी दुसरा एक थांबाही मोजला होता, तो म्हणजे उत्तर आल्यानंतरचा. मला हाच अधिक अवघड गेला, कारण ‘शाब्बास’ जिभेवर तयारच असते. ते आवरले त्या दिवशी कपड्यांच्या प्रश्नावर एक मुलगा ‘वाऱ्यामुळे’ एवढेच म्हणाला. मी मनात तीन आकडे मोजले. तो पुढे म्हणाला, ‘‘गुरुजी, कपड्याजवळची ओली हवा वारा घेऊन जातो आणि कोरडी आणतो.’’ मी पुन्हा थांबलो. तेवढ्यात मागच्या रांगेतली, वर्षभरात क्वचितच बोललेली एक मुलगी माझ्याकडे न पाहता त्याला म्हणाली, ‘‘पण पावसाळ्यात तर आणलेली हवासुद्धा ओलीच असणार ना?’’