व्हीआर हेडसेट आणि डोळे : शंका जुनी, कारण त्याहून जुनं

व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावून आभासी जग बघायचं यंत्र) घरात आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : पडदा डोळ्यांच्या इतका जवळ, मग मुलांचा नंबर नाही का वाढणार? पडदा डोळ्यांपासून काही सेंटीमीटरवरच असतो, हे खरं. पण मधल्या भिंगांमुळे आजच्या बहुतेक हेडसेटमधलं चित्र साधारण १.३ ते २ मीटरवर असल्यासारखं दिसतं आणि नजर तिथेच स्थिरावते. त्रासाचं मूळ वेगळीकडे आहे, आणि ते संगणकाच्याही आधीचं आहे.

चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आरशांचा स्टिरिओस्कोप मांडला. दोन डोळ्यांना किंचित वेगळी सपाट चित्रं दाखवली की मेंदू त्यांतून खोली, म्हणजे जवळ-लांबचा भास, उभी करतो, हे त्यातून दिसलं. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८४९ मध्ये आरशांच्या जागी भिंगं आणली. आजचा हेडसेट याच घराण्यातला.

जवळची वस्तू बघताना डोळे दोन कामं एकदम करतात. दोन्ही डोळे नाकाकडे वळतात आणि आतलं नैसर्गिक भिंग फुगून फोकस जवळ आणतं. ही जोडी जन्मभराच्या सवयीची असते. हेडसेट ती फोडतो. समजा, चित्राचा फोकस २ मीटरवर आहे आणि खेळातली वस्तू ४० सेंटीमीटरवर आली. डोळ्यांना साधारण ९ अंश आत वळावं लागतं, पण फोकस २ मीटरवरच धरावा लागतो. चष्म्याच्या भाषेत हा २ डायॉप्टरचा फरक झाला. कपाळ दुखणं, डोळे जड होणं, हेडसेट काढल्यावर क्षणभर धूसर दिसणं यामागे बऱ्याचदा हीच ओढाताण असते.

आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर बसवायचा पडदा तयार केला, तरी डोळ्यांचा प्रश्न ऐरणीवर आला तो १९९३ मध्ये. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २० तरुणांना फक्त १० मिनिटं हेडसेट लावायला दिला, आणि काहींच्या दोन डोळ्यांच्या जोडकामावर ताण आल्याची लक्षणं मिळाली. पुढच्याच वर्षी त्याच गटाने दोन्ही डोळ्यांना एकच चित्र दाखवणारा हेडसेट तपासला, तेव्हा तसा त्रास दिसला नाही. आमच्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा हाच आहे. पुढे २००८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी फोकस आणि वळण जुळवणारा खास पडदा बनवून दाखवलं, की ही दोन कामं जुळली की थकवा कमी होतो.

निंटेंडो कंपनीचा व्हर्च्युअल बॉय हा खेळायचा हेडसेट १९९५ मध्ये बाजारात आला तो इशारे घेऊनच : ७ वर्षांखालच्या मुलांनी वापरू नये, आणि दर १५ ते ३० मिनिटांनी खेळ आपोआप थांबवण्याची सोय. यंत्र चाललं नाही, पण त्यात भिंगांमधलं अंतर आणि फोकस दोन्ही जुळवता येत होते. २०१४ च्या गूगल कार्डबोर्डमध्ये, म्हणजे मोबाइल बसवायच्या पुठ्ठ्याच्या डब्यात, दोन्ही न बदलता येणारे होते. त्याच्या पावलावर पाऊल टाकून आलेल्या स्वस्त मोबाइल-डब्यांतही अनेकदा तीच गत.

भिंगांमधलं अंतर डोळ्यांच्या बाहुल्यांमधल्या अंतराशी जुळावं लागतं. चष्म्याच्या दुकानात ज्याला पीडी म्हणतात ते हे बाहुल्यांमधलं अंतर प्रौढांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटर असतं. मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये भिंगांना ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच जागा होत्या. लहान मुलाची पीडी ५८ पेक्षाही कमी असू शकते. मग डोळा भिंगाच्या मध्यातून बघत नाही, कडेचं चित्र पसरतं, आणि दोन चित्रं एक करायला डोळ्यांना जास्त ओढ लागते. म्हणून हेडसेट लावण्याआधी पीडी मोजून घ्यावी.

वयाची अट मात्र निव्वळ डोळ्यांवरून ठरलेली नाही. बरीच वर्षं दिसणारा १३ हा आकडा मुलांच्या खासगी माहितीविषयीच्या अमेरिकी कायद्याशीही जुळतो; मेटाने तो २०२३ मध्ये, पालकांच्या देखरेखीखाली, १० वर आणला.

नंबर वाढतो असा ठोस पुरावा अजून नाही. ऑकलंड विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात तरुणांनी ४० मिनिटं हेडसेट वापरला, तरी डोळ्यांच्या जोडकामात लक्षणीय बिघाड आढळला नाही. पण ४० मिनिटं म्हणजे वर्षानुवर्षांचा वापर नव्हे, आणि तरुण म्हणजे सहा वर्षांचं मूलही नव्हे. लहान मुलांच्या बाबतीत हात आखडता घेतलेलाच बरा.

चष्म्याचंही गणित यातूनच निघतं. लांबचा नंबर असेल तर हेडसेटमध्येही चष्मा लागतो; काचा एकमेकींवर घासून ओरखडे पडू नयेत म्हणून मध्ये स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी चौकट, बसवावा. चाळीशी लागलेल्यांना मात्र वाचायचा चष्मा बहुधा लागत नाही, कारण फोकस हाताच्या अंतरापलीकडे असतो.

दोन डोळ्यांना वेगळं चित्र देण्याची हीच युक्ती आता उपचारातही आली आहे. आळशी डोळ्यासाठीच्या (मेंदू एका डोळ्याचं चित्र नीट वापरत नाही तेव्हाच्या) ल्युमिनोपिया वन या हेडसेट-उपचाराला अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने २०२१ मध्ये ४ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी मान्यता दिली. तो रोज १ तास, आठवड्यातून ६ दिवस, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचा असतो. घरच्या हेडसेटमध्ये मुलाला खोलीच जाणवत नसेल, किंवा तो काढल्यावरही दोन-दोन दिसत राहत असेल, तर नेत्रतज्ज्ञाकडे तिरळेपणा आणि आळशी डोळ्याची तपासणी करून घ्यावी.